गोळेश्वरचे खाशाबा : एका ऑलिम्पिकवीराची कारकीर्द

२३ जुलै १९५२ रोजी फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे सातारा जिल्ह्यातील एका पैलवानाने फ्रीस्टाइल कुस्तीच्या ५७ किलो गटात कांस्यपदक पटकावले. स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकमध्ये मिळालेले ते पहिले वैयक्तिक पदक होय. त्या पैलवानाचे नाव खाशाबा दादासाहेब जाधव. दुसऱ्याच दिवशी, २४ जुलैला, भारतीय हॉकी संघाने अंतिम सामन्यात नेदरलँड्सचा ६-१ असा फडशा पाडला. बलबीर सिंग यांनी एकट्यांनी पाच गोल केले. हॉकीचे सुवर्ण हा त्या काळी देशाच्या अभिमानाचा विषय होता. कुस्तीतील कांस्यपदकाची वार्ता त्या जल्लोषात मागे पडली आणि पुढे बराच काळ मागेच राहिली.

खाशाबांचे पदक सर्वांना ठाऊक आहे. मात्र ते पदक मिळवण्यासाठी कोणी काय दिले आणि ते मिळाल्यानंतर खाशाबांच्या पदरात काय पडले, हा भाग तितकासा सांगितला जात नाही. वास्तविक त्यांच्या कारकिर्दीचे मर्म तेथेच आहे. जुने संस्थानी राज्य मावळत होते, नवी शासनव्यवस्था नुकतीच आकार घेत होती, आणि या दोहोंच्या मधल्या पोकळीत हा पैलवान उभा होता.

कराड हे कृष्णा आणि कोयना यांच्या संगमावर वसलेले गाव. त्याच्या लगत गोळेश्वर हे छोटे खेडे आहे. तेथे १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. जाधवांच्या घरात कुस्ती पिढीजात होती. आजोबा नानासाहेब कुस्ती खेळत, आणि वडील दादासाहेब हे पंचक्रोशीत नावाजलेले पैलवान होते. दादासाहेबांच्या पाच मुलांत खाशाबा धाकटे. वडिलांनी त्यांना वयाच्या पाचव्या वर्षापासून मातीत उतरवले. अशा घरात मुलाला कुस्ती शिकवावी लागत नाही, ती त्याच्या दिनक्रमातच असते. पहाटेचे जोर आणि बैठका, संध्याकाळी हौद्यातील लढती आणि अधूनमधून एखाद्या गावची जत्रा. आठव्या वर्षी त्यांनी एका स्थानिक पैलवानाला दोन मिनिटांत अस्मान दाखवले, अशी आठवण त्यांच्या चरित्रात आवर्जून सांगितली जाते.

पश्चिम महाराष्ट्रातील त्या काळची कुस्ती समजल्याखेरीज खाशाबांची वाटचाल कळणे अवघड आहे. गावोगाव तालमी होत्या. ताक, तेल, हळद आणि लिंबाचा रस घालून मळलेल्या तांबड्या मातीचा हौदा हे तालमीचे वैभव. वस्ताद सांगेल तो शब्द अखेरचा. जत्रेच्या मैदानात लहान मुलांच्या रेवड्यांच्या कुस्त्यांपासून सुरुवात होई आणि दिवस मावळताना मोठ्या इनामाची शेवटची कुस्ती लागे. या सर्व व्यवहाराच्या शिखरावर कोल्हापूर होते. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लविद्येला उदार आश्रय दिला. रोमच्या प्राचीन क्रीडागाराच्या धर्तीवर त्यांनी बांधून घेतलेले खासबाग मैदान १९१२ साली पूर्ण झाले. पैलवानाचा खुराक मोठा, आणि तो पुरवायला घरची शेती पुरी पडत नाही. संस्थानचा आश्रय, गावची वर्गणी आणि मैदानातील इनाम या तीन आधारांवर ही विद्या तगून होती.

खाशाबांचे शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. यशवंतराव चव्हाण हेही याच शाळेचे विद्यार्थी. खाशाबा शाळेत असताना १९४२चे आंदोलन पेटले. सातारा जिल्हा म्हणजे तर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारची भूमी. भूमिगतांना आसरा देणे, त्यांचे निरोप आणि पत्रके पोहोचवणे अशी कामे शाळकरी वयातील खाशाबांनी केली. अभ्यासातही ते मागे नव्हते. कुस्तीखेरीज पोहणे, धावणे, भारोत्तोलन, हातोडाफेक या खेळांचीही त्यांना आवड होती. अंगाने ते भव्य नव्हते. उंची बेताची, बांधा आटोपशीर. पुढे त्यांना ‘पॉकेट डायनॅमो’ हे नाव पडले ते यामुळेच.

शाळा संपवून ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. तेथे बाबूराव बलवडे आणि बेलापुरे गुरुजी यांचे मार्गदर्शन लाभले. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत कवटाळायची आणि कमरेच्या झटक्याने त्याला उलटवून पाठीवर आणायचे, असा हा डाव पाहायला सोपा वाटतो. परंतु त्याला विलक्षण चपळाई लागते. मान पकडणे आणि झटका देणे यांत क्षणाचेही अंतर राहिले तर डाव टाकणाराच खाली जातो. आपल्याहून दांडग्या मल्लाला खाशाबांनी चीत केले ते बहुधा याच चपळाईच्या बळावर.

१९४८ साली लंडन ऑलिम्पिकसाठी त्यांची निवड झाली. कोल्हापूर संस्थान अजून विलीन झालेले नव्हते. परदेशप्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. शाहू महाराजांच्या काळापासून चालत आलेल्या परिपाटीला धरूनच हे झाले. ऑलिम्पिकशी मराठी कुस्तीचे नाते तसे जुने होते. १९२० साली सर दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने भारताचे पथक अँटवर्पला गेले होते. त्यात रणधीर शिंदे आणि कुमार नवले हे दोन मल्ल होते.

लंडनमध्ये खाशाबांपुढील पहिला अडथळा प्रतिस्पर्ध्यांचा नव्हता, तो गादीचा होता. त्यांनी आजवर मातीत कुस्ती केली होती. मातीत पाय रुततो, पकड घट्ट बसते, आणि कुस्ती निकाली होईपर्यंत चालते. गादीवर पाय सरकतो, वेग वाढतो. शिवाय तेथील कुस्ती घड्याळावर बांधलेली. पाठ टेकली नाही तरी मुदत संपताच पंच आपला कौल देतात आणि जय-पराजय ठरतो. चितपट म्हणजेच विजय, असे मनात ठसलेल्या पैलवानाला हे पचवणे सोपे नव्हते. स्पर्धेपूर्वी रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाचे थोडे मार्गदर्शन त्यांना मिळाले. तेवढ्या शिदोरीवर त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला काही मिनिटांतच नमवले आणि अमेरिकेच्या बिली जर्निगनलाही हरवले. इराणच्या मन्सूर रईसीकडून मात्र ते पराभूत झाले. ५२ किलो गटात त्यांना सहावा क्रमांक मिळाला. वयाच्या बाविसाव्या वर्षी आणि अनोळखी गादीवर मिळवलेले हे यश लहान नव्हते. परंतु खाशाबांचे त्यावर समाधान झाले नाही. पुढील चार वर्षे त्यांनी हेलसिंकी डोळ्यांसमोर ठेवून मेहनत केली. या वेळी त्यांनी वजन वाढवून वरच्या गटात उतरण्याचे ठरवले.

या चार वर्षांत एक मोठा बदल घडून गेला होता. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. लोकशाहीच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण तालमीच्या दृष्टीने पाहता, हक्काने हात पसरावा असे दार बंद झाले आणि त्याऐवजी उघडणारे दार कोणते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. क्रीडा संघटना होत्या, पण त्यांच्याजवळ पैसा नव्हता. त्या काळी ऑलिम्पिक केवळ हौशी खेळाडूंसाठी होते. खेळावर पैसे मिळवायचे नाहीत असा दंडक. हा दंडक श्रीमंत घरच्या खेळाडूला सोयीचा होता, शेतकऱ्याच्या मुलाला नव्हे.

त्याआधी निवडीचाच प्रश्न उभा राहिला. मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेत खाशाबांना अवघ्या एका गुणाने मागे ठरवण्यात आले. पंचांचा निर्णय पक्षपाती असल्याची त्यांची तक्रार होती. त्यांच्याऐवजी बंगालच्या निरंजन दास यांचे नाव पुढे आले. खाशाबा गप्प बसले नाहीत. भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष तेव्हा पतियाळाचे महाराज यादविंद्र सिंग होते आणि त्यांना कुस्तीची जाण होती. खाशाबांनी थेट त्यांच्याकडे दाद मागितली. महाराजांनी पुन्हा लढत घेण्यास सांगितले आणि या लढतीत खाशाबांनी निरंजन दास यांना हरवले. अशा रीतीने त्यांचे नाव पथकात आले. न्यायासाठी अखेर एका महाराजांचेच दार ठोठवावे लागले, हेही त्या संधिकाळाला साजेसेच झाले.

निवड झाली, पण प्रवासाचे पैसे नव्हते. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री त्या वेळी मोरारजी देसाई होते. सरकारकडे मदतीची विनंती गेली, तेव्हा स्पर्धा आटोपल्यावर भेटावे असे उत्तर आल्याचे सांगितले जाते. अखेर गोळेश्वर आणि परिसरातील लोकांनी वर्गणी काढली. कोणी रोख रक्कम दिली, कोणी प्रवासाला लागणारे सामान दिले. तरीही रक्कम अपुरीच होती. अशा वेळी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर पुढे आले. त्यांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. ही रक्कम त्या काळी फार मोठी होती. आपल्या एका माजी विद्यार्थ्याच्या कुस्तीवर एका प्राध्यापकाने घर पणाला लावावे, असे उदाहरण आपल्याकडे दुसरे क्वचितच सापडेल. खाशाबांच्या पदकात खर्डेकरांचा वाटा किती, याचा हिशेब मांडायचा तर तो याच सात हजारांपासून मांडावा लागतो.

हेलसिंकीतील स्पर्धा लंडनपेक्षा कडवी होती. सोव्हिएत संघ प्रथमच ऑलिम्पिकमध्ये उतरला होता आणि त्याचे मल्ल सर्वच गटांत तयारीनिशी आले होते. महायुद्धानंतर लंडनमधून वगळलेला जपानही परतला होता. खाशाबांनी कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विनला आणि मेक्सिकोच्या लिओनार्डो बासुर्टोला चीत केले. त्या काळच्या पद्धतीत निर्णयावर मिळवलेल्या विजयापेक्षा चितपट विजयाला अधिक मोल होते, त्यामुळे मातीत घडलेला त्यांचा निकाली बाणा येथे उपयोगी पडला. पुढे जर्मनीच्या फर्डिनंड श्मिट्झला पंचांच्या निर्णयावर हरवून त्यांनी पदकाच्या टप्प्यात प्रवेश केला.

आता समोर होते दोनच मल्ल, जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद मम्मदबेयोव्ह. इशीबरोबरची लढत पूर्ण वेळ चालली आणि थोडक्यात खाशाबांच्या हातून निसटली. थकून गादीवरून उतरलेल्या खाशाबांना लगेचच मम्मदबेयोव्हशी लढण्यास पुकारण्यात आले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. दोन कुस्त्यांच्या मध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी असा नियम होता. तो दाखवून देण्यासाठी भारतीय पथकाचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. परक्या भाषेत वाद घालणे एकट्या पैलवानाच्या आवाक्यातले नव्हते. ते पुन्हा गादीवर गेले आणि हरले. इशीला सुवर्ण मिळाले, आणि त्या ऑलिम्पिकमधील जपानचे ते एकमेव सुवर्णपदक ठरले. मम्मदबेयोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. विश्रांती मिळाली असती तर पदकाचा रंग बदलला असता का, याचे उत्तर कोणीही देऊ शकत नाही. पण आपली बाजू मांडायला आपला माणूस तेथे नव्हता, हे मात्र खरे. याच स्पर्धेत केशव माणगावे यांचे पदक अगदी थोडक्यात हुकले आणि त्यांना चौथ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले, हेही येथे नोंदवायला हवे. एकाच वेळी दोन मराठी मल्ल ऑलिम्पिक पदकाच्या उंबरठ्यावर पोहोचले होते.

खाशाबा परतले तेव्हा कराड स्थानकावर लोटलेला जनसमुदाय अपूर्व होता. शंभराहून अधिक बैलगाड्या सजवून त्यांची मिरवणूक काढण्यात आली. ढोल-ताशे, लेझीम आणि गुलाल. एरवी पाव तासाचे अंतर त्या दिवशी कापायला सात तास लागले, असे सांगतात. ज्यांनी वर्गणी दिली तेच रस्त्याच्या दुतर्फा उभे होते. त्यांना आपल्या पैशाचा हिशेब मिळाला होता.

खर्डेकरांचे घर मात्र अद्याप गहाणच होते. खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, त्यात ते स्वतः लढले, आणि त्यातून आलेल्या पैशांतून त्यांनी प्राचार्यांचे कर्ज फेडले. देशासाठी ऑलिम्पिक पदक आणणाऱ्या मल्लाने त्यासाठी झालेले कर्ज जुन्याच मार्गाने, तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर शड्डू ठोकून फेडले. बापाच्या काळातील मैदानी कुस्तीच अखेर मुलाच्या कामी आली.

पुढे १९५५ मध्ये खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. कुस्ती त्यांनी सोडली नव्हती. १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकची तयारी सुरू असताना गुडघ्याला दुखापत झाली आणि तिसऱ्या ऑलिम्पिकची वाट तेथेच बंद झाली. वय तीस, अनुभव दोन ऑलिम्पिकचा, गादीचे मर्म पुरते उमगलेले. दुखापत नसती तर मेलबर्नमध्ये काय घडले असते, ही हुरहुर कुस्तीशौकिनांना कायम लागून राहिली. त्यानंतर ते पोलीस दलातील स्पर्धा गाजवत राहिले आणि दलातील तरुणांना शिकवत राहिले.

नोकरीत मात्र ऑलिम्पिकपटू म्हणून त्यांच्या वाट्याला फारसे काही आले नाही. तब्बल बावीस वर्षे ते एकाच हुद्द्यावर राहिले. अखेरच्या काळात सहायक पोलीस आयुक्तपदापर्यंत बढती मिळाली आणि १९८३ मध्ये ते निवृत्त झाले. त्यानंतर निवृत्तिवेतनासाठीही त्यांना कार्यालयांचे उंबरे झिजवावे लागले. गादीवर ज्यांनी दिग्गजांना दोन-पाच मिनिटांत चीत केले, त्यांना एका फाइलीने थकवले. त्यांच्या हयातीत शासनाने त्यांची दखल अगदीच घेतली नाही असे नाही. १९८२च्या दिल्ली आशियाई क्रीडा स्पर्धेच्या ज्योत दौडीत त्यांना सहभागी करून घेण्यात आले होते. परंतु हयातीत पद्म पुरस्कार नाही, अर्जुन पुरस्कारही नाही. गोळेश्वरच्या आपल्या घराला त्यांनी ‘ऑलिम्पिक निवास’ असे नाव दिले होते.

१४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात खाशाबांचे निधन झाले. वय अवघे ५८. लॉस एंजेलिसचे ऑलिम्पिक दोनच दिवसांपूर्वी संपले होते. त्यात भारताला एकही पदक मिळाले नव्हते. वैयक्तिक पदकांच्या यादीत खाशाबांचे नाव तेव्हाही एकटेच होते.

१९९६ मध्ये अटलांटा येथे लिएंडर पेसने टेनिसमध्ये कांस्यपदक मिळवले आणि त्याआधीचे वैयक्तिक पदक कोणाचे, याची शोधाशोध वृत्तपत्रांनी सुरू केली. नव्या पिढीला खाशाबांचे नाव त्या निमित्ताने नव्याने कळले. महाराष्ट्र सरकारने शिवछत्रपती पुरस्कार मरणोत्तर दिलेला होता. केंद्र सरकारने २००० सालचा अर्जुन पुरस्कारही मरणोत्तर जाहीर केला. कुस्तीतील दुसरे ऑलिम्पिक पदक यायला मात्र २००८ साल उजाडावे लागले. बीजिंगमध्ये सुशील कुमारने ते मिळवले, खाशाबांनंतर ५६ वर्षांनी. २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्ती सभागृहाला खाशाबांचे नाव देण्यात आले. महाराष्ट्राने त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा करण्याचे ठरवले.

गोळेश्वरमध्ये त्यांच्या नावाने कुस्ती प्रशिक्षण केंद्र उभारण्याची घोषणाही शासनाने केली होती. वर्षे लोटली तरी ते उभे राहिले नाही. तेव्हा २०१७ मध्ये कुटुंबीयांनी हेलसिंकीचे पदकच लिलावात काढून केंद्रासाठी पैसा उभा करण्याची तयारी दर्शवली, आणि त्या बातमीने महाराष्ट्र चपापला.

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्नील कुसाळे याने पन्नास मीटर रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवले. तो कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्याचा. महाराष्ट्राच्या खेळाडूने मिळवलेले ते खाशाबांनंतरचे दुसरे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, ७२ वर्षांनी आलेले. राज्य सरकारने त्याला एक कोटी रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. तिकीट तपासनिसाची नोकरी करणाऱ्या स्वप्नीलला रेल्वेने लगोलग बढतीही दिली.